गोधडीची शिवण आणि घरचा संसार

(शास्त्रपाठ: नीतिसूत्रें ३१:१०-३१, स्तोत्र १२७, प्रेषितांचीं कृत्यें १८:१-३)



नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायांत ज्या सद्गुणी स्त्रीचें वर्णन आहे, तें आपल्या मंडळ्यांतून बहुधा दोनच प्रसंगीं वाचलें जातें. एक लग्नाच्या वेळीं, व दुसरें एखादी वृद्ध माता प्रभूमध्यें निजली म्हणजे. या दोन प्रसंगांच्या मध्यें जीं चाळीस-पन्नास वर्षें जातात, त्यांत तो अध्याय सहसा कोणी उघडीत नाहीं. वास्तविक तो त्या मधल्या वर्षांसाठींच आहे. त्यांत लोंकर आहे, ताग आहे, चाती आहे, दिवा आहे, घरच्या माणसांचीं पांघरुणें आहेत, आणि व्यापाऱ्यास विकलेले कमरपट्टेही आहेत. म्हणजे आपण ज्यास आज हातशिलाईचा घरगुती धंदा म्हणतों तोच तेथें आहे, आणि तो चूल, मुलें व नवरा यांच्या मधोमध चाललेला आहे.

शेगांवच्या आसपास राहणाऱ्या वाचकांस गोधडी म्हणजे काय हें सांगावयास नको. विटलेलें लुगडें, फाटलेलें धोतर, मुलांच्या सदऱ्यांचे तुकडे, हें सारें धुऊन वाळवून बाई ओसरीवर पसरते. खालीं लुगड्याचा अखंड पट, मध्यें थरांवर थर, वर ठिगळांची मांडणी. मोठमोठे कच्चे टाके घालून तें सर्व पहिल्यानें एकत्र धरावयाचें, आणि मग कडेपासून आंतल्या बाजूस धावदोऱ्याच्या ओळींमागून ओळी घालीत मध्यापर्यंत यावयाचें. जाड थरांतून सुई जाईना म्हणजे दाभण घ्यावयाचा. हें काम उन्हाळ्याच्या दुपारीं करण्याचें. कारण त्या वेळीं शेतांतील कामें थोडीं असतात, आणि धुतलेलें कापड एका उन्हांत वाळतें. पूर्वीं हें सर्व घरापुरतेंच असे. बाळंतिणीचें दुपटें, म्हाताऱ्याची वाकळ, लेकीच्या पाठवणीबरोबर दिलेली गोधडी, यांचा भाव कोणी विचारीत नसे.

आतां भाव विचारला जातो. शहरांतील लोकांस हातशिलाईची गोधडी हवीशी वाटूं लागली आहे. शेगांवीं गजानन महाराजांच्या समाधीच्या दर्शनास बाराही महिने लोक येतात, आणि आगगाडीनें आलेला मनुष्य परततांना घरच्या लहानग्यासाठीं कांहींतरी बांधून नेतो. कुंची, झबलें, दुपटें, निदान एक कापडी पिशवी. एक बाई दुसरीस सांगते, दुसरी मोबाईलवरून आपल्या नातलगांस छायाचित्र पाठविते, आणि पाहतां पाहतां ओसरीवरची गोधडी हा धंदा होऊन बसतो. ह्यांत वाईट कांहीं नाहीं. उलट सोयाबीन गेलें व कापूस पडला अशा वर्षीं त्या चार पैशांनीं शाळेची फी भरली जाते. पण घरांत धंदा आला म्हणून दिवसाचे तास वाढत नाहींत. ते चोवीसच राहतात, आणि हे नवे तास कोणाच्या वाटणींतून काढले जातात हें पाहण्याची कोणास सवड नसते.

आपला वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चालूं असतां तिकडचा कापूस विलायतेस पुरेसा पोंचेना, तेव्हां येथील कापसास अपूर्व भाव आला. १८६७ सालीं आगगाडी नागपुरापर्यंत गेली. त्याच रस्त्यावर आपलें शेगांव. १८७० सालीं लॉर्ड मेयो यांच्या हस्तें खामगांवचा फाटा उघडला. कापूस येथून गेला, आणि त्याचेंच कापड होऊन पुन्हां येथें विकावयास आलें. मधला नफा वाटेंत राहिला. तें कापड आपल्या आज्यापणज्यांनीं नेसून जुनें केलें व त्याची गोधडी केली. साऱ्या व्यवहारांत तेवढीच एक पायरी अशी होती कीं, जिच्यांत हातही आमचे आणि वस्तूही आमची. माल कोणाचा, हात कोणाचे आणि पैसा कोणाच्या पदरांत, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यास नवा नाहीं, एवढ्याचसाठीं ही जुनी गोष्ट काढली.

आतां शास्त्राकडे वळूं. एकतिसाव्या अध्यायाच्या आरंभींच सांगितलें आहे कीं, लमुएल राजास त्याच्या आईनें शिकविलेलीं हीं वचनें होत. दहाव्या वचनापासूनचें काव्य तिचेंच कीं निराळें, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. त्याचीं बावीस वचनें इब्री वर्णमालेच्या बावीस अक्षरांनीं क्रमानें आरंभ पावतात, यावरून तें स्वतंत्र रचलेलें असावें असें पुष्कळांस वाटतें. पण ज्यानें तें या जागीं बसविलें, त्यानें तें आईनें मुलास केलेल्या बोधाला जोडून बसविलें. म्हणजे ऐकणारा मुलगा आहे. आम्ही मात्र तें सुनांस ऐकवितों. जें वचन मुलानें नीट बसून ऐकावयाचें, तें आम्हीं मुलींच्या पाठीवर ओझें म्हणून ठेविलें, आणि मुलगा दारांत उभा राहून "ऐकलेंस ना?" असें म्हणावयास मोकळा झाला.

मुलाला काय सांगितलें आहे, तें पाहा. अशा स्त्रीवर नवऱ्याच्या मनाचा पूर्ण भरंवसा असावा. ती शेत पाहून विचार करून विकत घेते. ती स्वतः माल व्यापाऱ्यास देते. तिच्या हाताखालीं दासी आहेत हेंही पंधराव्या वचनांत स्पष्ट आहे, पण उपदेशक तेवढें वचन अंमळ घाईनें वाचतात. आणि अगदीं शेवटीं आज्ञा आहे. ती त्या स्त्रीस नाहीं, तिच्या भोंवतालच्या माणसांस आहे: तिच्या हातांनीं जें पिकविलें, तें तिचें तिला द्या. साऱ्या अध्यायांत ती एकटीच देत आहे, गरिबाला, घरच्यांना, व्यापाऱ्याला. एकतिसाव्या वचनीं प्रथमच तिला कांहीं द्यावें असें कोणी बोलतो.

रात्रीं तिचा दिवा विझत नाहीं, हें वचन घेऊन कित्येक सासवा सुनांस जागवितात. त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. त्या काळीं घरांत दिवा तेवत असणें हें घर भरलेलें असल्याचें चिन्ह होतें. ईयोबाच्या ग्रंथांत व खुद्द नीतिसूत्रांतही दुष्टाचा दिवा विझतो असें म्हटलें आहे, तें त्याच अर्थानें. त्या स्त्रीनें रात्रभर डोळे फोडून शिवीत बसावें असा त्याचा अर्थ नव्हे. नाहीं तर त्याच पवित्र शास्त्रांतील एकशेंसत्ताविसावें स्तोत्र खोटें ठरेल. घर बांधणारांचे श्रम परमेश्वरावांचून व्यर्थ होत हें त्याचें पहिलें वचन सर्वांस पाठ असतें. पण त्याच्या पुढचें वचन पहांटे उठणारांस व रात्रीं उशिरापर्यंत बसणारांस उद्देशून आहे, आणि देव आपल्या प्रियांस झोंप देतो असें त्याचें सांगणें आहे. झोंप हें दान आहे. सुनेची झोंप घेऊन मिळविलेल्या पैशावर घर बांधलें, तर तें कोणी बांधलें म्हणावें?

ही केवळ उपदेशकाची कुरकूर नव्हे. सरकारच्या सांख्यिकी खात्यानें २०२४ सालीं देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. जिच्याबद्दल पैसा मिळत नाहीं अशा घरकामांत, तें करणाऱ्या स्त्रीचीं दिवसाचीं २८९ मिनिटें जातात असें आढळलें. आणि जे पुरुष असें काम करतात त्यांचीं ८८ मिनिटें. २०१९ सालच्या पाहणींत हेच आंकडे २९९ व ९७ होते. म्हणजे पांच वर्षांत स्त्रीचीं दहा मिनिटें कमी झालीं खरीं, पण पुरुषानेंही नऊ मिनिटें हात आंखडता घेतला. पांच तासांच्या सुमाराचें हें काम आटोपल्यावर, आणि शेतावरची मजुरी असली तर तीही आटोपल्यावर, गोधडी हातीं येते. मग मान धरते, पाठ भरून येते, चाळिशीच्या आंत सुईंत दोरा ओंवतां येत नाहीं. ज्या बहिणी रात्रीं शिवतातच त्यांनीं निदान अंगुस्तान घालावें, उजव्या हातानें शिवणारीनें दिवा डाव्या खांद्यामागून घ्यावा, आणि तासातासानें उठून दूर अंधाराकडे पाहावें. लहान मूल रांगूं लागलें असेल तर सुया मोजून डबींत ठेवाव्या. हें मंडळीच्या पत्रांत शोभत नाहीं असें कोणास वाटेल, पण डोळे देवानेंच दिले आहेत.

या धंद्याचा सर्वांत मोठा शत्रु कोणता म्हणाल, तर "फावल्या वेळचें काम" हा शब्द होय. तो किती महाग पडतो याचें एक उदाहरण आपल्याच घरचें आहे. आंध्र देशांत गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर म्हणून गांव आहे. तेथें एकोणिसाव्या शतकांत मिशनरी स्त्रियांनीं गरीब बायकांस क्रोशाच्या सुईनें जाळीदार लेस विणावयास शिकविलें. हेतु चांगला होता. घरबसल्या चार पैसे मिळावे व मुलाबाळांकडेही पाहतां यावें. पुढें तो माल परदेशीं जाऊं लागला व हजारों घरांत पसरला. मरिया मीस नामक जर्मन विदुषीनें तेथें राहून अभ्यास केला व १९८२ सालीं त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलें. तिला असें दिसलें कीं, या बायका कामकरी आहेत असें कोणी मानीतच नाहीं. त्या गृहिणी, आणि रिकाम्या वेळीं सहज विणतात, असा सर्वांचा समज. व्यापाऱ्याचा, नवऱ्याचा, इतकेंच नव्हे तर त्यांचा स्वतःचाही. काम सहज म्हटलें कीं मजुरीही सहज म्हणण्याइतकीच. तासन् तास सुई चालवूनही पोटापुरतें मिळेना, आणि लेस बाहेर पाठविणारे मात्र गबर झाले. मिशनच्या पत्रांत ही गोष्ट छापण्यांत कमीपणा नाहीं. ज्यांनीं शिकविलें त्यांचा दोष काढण्याचा हा हेतु नव्हे; पण हाताला काम देणें व हाताला दाम देणें या दोन गोष्टी आहेत, आणि पहिली केली म्हणजे दुसरी आपोआप होत नाहीं.

दुसरें उदाहरण गोधडीच्या अधिक जवळचें आहे. अहमदाबाद येथें गिरण्यांतून उरलेल्या चिंध्या व्यापारी विकत घेत व त्या शहरांतील गरीब वस्तींतल्या बायकांस वांटून देत. बायका घरीं बसून त्या चिंध्यांच्या रजईच्या खोळी शिवीत. यंत्र त्यांचें, दोरा त्यांचा, आणि मजुरी खोळीमागें कांहीं पैसे. पुष्कळशा त्या मुसलमान घरांतील होत्या व बाहेर पडून काम करण्याची त्यांस मोकळीक नव्हती. १९७२ सालीं इला भट्ट यांनीं जी 'सेवा' नांवाची संघटना काढली, तिनें या बायकांस एकत्र आणलें. त्यांनीं दर वाढवून मागितला, तेव्हां व्यापाऱ्यांनीं काम देणेंच थांबविलें. मग बायकांनीं स्वतः चिंध्या विकत घेऊन, स्वतः खोळी शिवून, स्वतः विकण्याची सहकारी मंडळी उभी केली. याच संघटनेनें १९७४ सालीं पेढी काढली; चार हजार बायकांनीं प्रत्येकीं दहा रुपये घातले, आणि चाळीस हजारांचें भांडवल झालें. श्रीमती भट्ट २०२२ सालीं वारल्या; पेढी चालूं आहे. १९९६ साली जिनेव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें, घरीं बसून दुसऱ्यासाठीं काम करणारा मनुष्यही कामगारच होय, असा ठराव केला. शास्त्रांत हें पूर्वींच आहे. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवूं नये असें लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायांत सांगितलें आहे. तेथें मजूर शेतांतला कीं ओसरीवरचा असा भेद केलेला नाहीं.

आतां आपल्या ओसरीचा हिशेब मांडूं. समजा, लहान मुलाची एक गोधडी आहे. वरचें नवें कापड १२० रुपयांचें, दोरा २० रुपयांचा, आणि धुण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत चौदा तास. ती ५०० रुपयांस गेली, म्हणजे बाई हरखते. पण कापड-दोऱ्याचे १४० रुपये वजा घातल्यावर ३६० राहतात. चौदा तासांस वांटले तर तासाला पंचवीस रुपये व वर कांहीं पैसे. महाराष्ट्रांत रोजगार हमीच्या कामाची मजुरी २०२५-२६ सालीं दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. आठ तासांनीं भागिली तर तासाला ३९. म्हणजे उन्हांत माती उपसणारीपेक्षां ही कुशल कारागीर स्वस्त पडली. माती उपसणारीइतकी जरी मजुरी तिनें धरली, तरी चौदा तासांचे ५४६, त्यांत १४० मिळविले म्हणजे ६८६. सातशेंच्या खालीं ती गोधडी देणें म्हणजे स्वतःस फसविणें होय. जुनें लुगडें फुकटचें धरिलें आहे, दिव्याचें बिल धरिलेंच नाहीं, हें वेगळें. इतका भाव गिऱ्हाइक देईल काय? कांहीं देणार नाहींत. पण न विकलेली गोधडी घरांत उबेस येते, आणि तोट्यानें विकलेली गोधडी दुसऱ्याच्या घरीं जाते. दहा बायकांनीं मिळून एक भाव धरला, तर शेजारणीच्या पोटावर पाय न देतां प्रत्येकीस तो टिकवितां येतो. एकटीस टिकवितां येत नाहीं. बचत गटांचा खरा उपयोग कर्ज काढण्यापेक्षां येथें अधिक आहे, असें माझें मत आहे.

कर्जाविषयीं एक शब्द. २०२३ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेंत अठरा धंद्यांत शिंप्याचा धंदाही आहे. प्रथम एक लाख व तें फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज शेंकडा पांच व्याजानें मिळूं शकतें. सावकाराच्या व घरोघर हप्ता वसूल करणाऱ्या कंपन्यांच्या मानानें हें पुष्कळ बरें. परंतु तेथें एका कुटुंबांतील एकाच माणसास नांव घालतां येतें. शिवणारी पत्नी आणि नांव नवऱ्याचें, असें आपल्या घरांत होऊं नये. ज्या खात्यावर पैसा येतो तें खातें कोणाचें, हा प्रश्न अध्यात्माबाहेरचा समजूं नका. तिच्या हातांचें तिला द्या ही आज्ञा आजच्या काळीं प्रथम त्या पासबुकावरच पाळली जाते किंवा मोडली जाते. तिनें मिळविलेले पैसे घरांतच लागतात हें सर्वांस ठाऊक आहे. ती तरी कोठें नेणार आहे? पण न विचारतां डब्यांतून काढून नेणें व तिच्या हातून घेणें यांत जो फरक आहे, तोच चोरी व दान यांतला फरक आहे.

नवऱ्यानें काय करावें, याविषयीं पौलाच्या यजमानांची गोष्ट फार उपयोगी आहे. क्लौद्य कैसरानें यहूद्यांस रोमेंतून घालविलें, तेव्हां अक्विल्ला व प्रिस्किल्ला हें जोडपें करिंथास आलें. त्यांचा धंदा राहुट्या करण्याचा. जाड कापड किंवा कातडें कापणें व शिवणें. त्यांच्याच घरीं पौल राहिला, त्यांच्याबरोबर बसून त्यानें काम केलें, आणि पुढें त्यांच्या घरांत मंडळी जमूं लागली. या दोघांचीं नांवें नव्या करारांत जेव्हां जेव्हां येतात, तेव्हां तीं जोडीनेंच येतात. आणि बहुतेक ठिकाणीं प्रिस्किल्लेचें नांव आधीं. कापीत कोण होता व शिवीत कोण होतें, हें लूकानें लिहिलें नाहीं. पण इतकें खरें कीं, प्रेषितासारख्या पुरुषास सुई-दाभण हातीं धरण्यांत लाज वाटली नाहीं. गोधडीचे थर पसरावयास, कडा ताणून धरावयास, कापड पिळून दोरीवर टाकावयास दोन माणसें लागतात. ज्या सायंकाळीं पत्नीस माल पुरा करून द्यावयाचा आहे, त्या सायंकाळीं भाकरी कोणी भाजावी, हा प्रश्न कठीण नाहीं. पारावर बसून तो चर्चिला तरच कठीण होतो.

मुलीविषयीं मात्र मला अधिक कळकळीनें लिहावयाचें आहे. धंदा वाढला, आईचे हात दोनच. मग घरांतली बारा वर्षांची मुलगी सुई धरते. प्रथम रविवारीं, मग शाळा सुटल्यावर, मग परीक्षेच्या आठवड्यांतही, आणि एके दिवशीं "तिला अभ्यासाची आवड नाहीं" असें आई सांगूं लागते. २०१६ सालीं दुरुस्त झालेल्या कायद्यानें चौदा वर्षांच्या आंतील मुलानें घरच्या धंद्यास शाळेच्या वेळेबाहेर व सुट्टींत हातभार लावण्यास मोकळीक ठेविली आहे. कायद्यानें ठेविली, म्हणून ती सर्व वापरलीच पाहिजे असें नाहीं. आईजवळ बसून टाके शिकणें हा मुलीचा वारसा आहे. आईच्या मागणीचा माल पुरा करणें हा तिच्यावरचा भार आहे. पंडिता रमाबाई यांनीं १८९७ सालच्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून ज्या अनाथ मुली व विधवा केडगांवास आणिल्या, त्यांस विणणें, शिवणें, घाणा चालविणें असे कितीएक धंदे शिकविले. पण त्यांच्या हातीं पाटीही दिली. त्याच मुक्तिसदनाच्या छापखान्यांत स्त्रियांनीं खिळे जुळवून बाईंनीं केलेलें शास्त्राचें मराठी भाषांतर छापिलें. खिळे जुळविणाऱ्या त्या बोटांनीं सुईही धरिली असेल, पण अक्षर ओळखल्यावांचून खिळा जुळत नाहीं.

बाजारांतील खरेपणाविषयीं थोडेंच लिहितों, कारण तें सर्वांस माहीत आहे. यंत्रावर शिवलेला माल घाऊक आणून त्यावर "हातशिलाई" असें लिहून विकणें हें खोटें माप होय, मग चिठ्ठी कोणीही लावलेली असो. विटलेलें कापड वापरणें गोधडींत दोष नाहीं, तोच तिचा धर्म आहे. परंतु धुतल्याबरोबर विरणारें कापड वरच्या नव्या पटाखालीं लपविणें हा दोष आहे. रंग जाणारा असेल तर तसें सांगून विकावें. दूरच्या गिऱ्हाइकानें परत पाठविलेल्या मालापेक्षां, तोंडावर सांगितलेलें खरें स्वस्त पडतें.

आणि विसाव्याचा दिवस. मोबाईलवर येणारी मागणी वार पाहत नाहीं. ती रविवारीं सकाळीं उपासनेच्या घंटेबरोबरही येते. गिऱ्हाइकाला सोमवारीं उत्तर दिलें तर तें रागावतें असा अनुभव फारसा नाहीं. रागावलेंच तर तें राहिलें. ज्या घरांत सहा दिवस ओसरीभर चिंध्या पसरलेल्या असतात, त्या घरांत सातव्या दिवशीं त्या गांठोड्यांत बांधून कोपऱ्यांत ठेविल्या म्हणजे मुलांस जागा सांपडते, आणि आईचा चेहरा दिसतो.

शेवटीं मंडळीच्या वडिलांस एक विनंति आहे. पुष्कळ गांवीं आपलें प्रार्थनामंदिर किंवा त्यालगतची खोली आठवड्यांतले सहा दिवस कुलुपांत असते. तेथें उजेड चांगला, जमीन स्वच्छ, आणि मोठी गोधडी पसरण्याइतकी जागा. आपल्या बहुतेकांच्या ओसऱ्या तेवढ्या रुंद नाहींत. मंगळवारीं व शुक्रवारीं दुपारीं ती खोली शिवणाऱ्या बायकांस उघडून द्यावी. एका वृद्ध भगिनीनें लहान मुलांकडे पाहावें, आणि एकीनें भाव व तास यांची वही ठेवावी. मग जी भगिनी ख्रिस्ती नाहीं तिलाही बसूं द्यावें कीं नाहीं, असा प्रश्न निघेल. टबीथेनें यापो येथें ज्या विधवांस अंगरखे शिवून दिले, त्यांची यादी पेत्रानें विचारली नव्हती. विजेच्या बिलाचें काय, असाही प्रश्न एखाद्या सभेंत निघेल. दाराशीं एक पेटी ठेवावी, ज्या दिवशीं माल विकला गेला त्या दिवशीं जिला जें टाकावयाचें असेल तें तिनें टाकावें, आणि महिन्याच्या अखेरीस कमी पडलें तर वडील मंडळानें भरावें. किल्ली मात्र बायकांपैकींच एकीजवळ असूं द्यावी.